पाळलेलं कुत्रं चावलं तर मालक सुटत नाही

'पाळलेलं कुत्रं चावलं तर मालकावर गुन्हा होत नाही, ते मुकं जनावर. इंजेक्शनांचा खर्च दिला की विषय संपला. केस होते ती फक्त बंदी घातलेल्या २३ जातींच्या कुत्र्यांवरून.' जळगाव-धुळ्याकडे हा मजकूर मोबाइलवर फिरतोय आणि केळी कापायला जाणारे मजूरही तो खरा धरतायत.

गुन्हा होत नाही, हे साफ खोटं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ त्यासाठीच आहे. ताब्यातल्या जनावरापासून कुणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असताना जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने बंदोबस्त केला नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आधीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ मध्येही कैद तेवढीच होती, दंड एक हजार. हलगर्जीपणामुळे माणूस दगावला, तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

आपल्याकडे खरी पळवाट वेगळीच आहे. कुत्रं मळ्यात, सालदाराच्या (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याच्या) झोपडीपाशी, मालक गावात. चावलं की 'ते सालदाराचं' म्हणून हात वर. कायदा जनावर कुणाच्या ताब्यात आहे ते बघतो. ज्याने ते राखणीला आणलं, ज्याच्या बागेची ते राखण करतं, त्याने साखळीचा आणि लशीचा खर्च गरीब सालदारावर ढकलावा, हे मला संतापजनक वाटतं. सकाळी मजूर येणार हे ठाऊक असूनही कुत्रं मोकळं ठेवणं, हाच हलगर्जीपणा. 'कुत्र्यापासून सावध' या पाटीनेही सुटका होत नाही. उलट धोका माहीत होता, हेच ती सांगते.

जातींचं म्हणाल, तर त्या २३ जातींवर बंदी घाला असं राज्यांना सांगणारं केंद्राचं पत्र मार्च २०२४ चं. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्येच ते रद्द केलं. कलम २९१ मध्ये जातीचा उल्लेखच नाही, गावठी कुत्रंही त्यात येतं.

प्रत्येक चावा गुन्हा ठरत नाही, हेही खरं. बांधलेल्या कुत्र्याला कुणी डिवचलं, तर मालकाचा दोष दाखवणं अवघड. पण खर्च दिल्याने गुन्हा पुसला जात नाही. शिवाय त्या घासाघिशीत वेळ जातो, आणि रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस बहुतेक वाचत नाही. जखम आधी साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा, केसपेपर जपा, मग फिर्याद द्या. रागाच्या भरात कुत्र्याला विष मात्र घालू नका. कलम ३२५ खाली त्यालाही पाच वर्षांपर्यंत कैद आहे.