‘कोल्हापूरला पाण्याची काय चिंता?’ म्हणणाऱ्यांसाठी

दर उन्हाळ्यात एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. जगात पाण्यासाठी मारामारी होईल, कोल्हापूरला मात्र काळजी नाही, असं त्याचं म्हणणं. कारणं चार: इथं पाऊस भरपूर, धरणं आमची, नदीचं वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं, आणि एवढ्यावरही शंका असली तर घरी आरओ बसवा. चांगली शिकलीसवरलेली माणसं हा मजकूर पुढं ढकलतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी पाऊस. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, त्याच जिल्ह्यातल्या शिरोळला पाच-सहाशेच्या आसपास. पण ते बाजूला ठेवू. ऑगस्ट २०१९ आठवा. शाहूपुरी पाण्यात, शिरोलीजवळ महामार्ग बंद, आणि शहरातले नळ कोरडे! शिंगणापूर, बालिंग्याची उपसा केंद्रंच पुरात अडकली होती. दारात महापूर असताना लोक घागरी घेऊन टँकरची वाट बघत उभे होते. २०२१ ला पुन्हा तेच झालं. आकाशातून पडलेलं पाणी आणि प्यायचं पाणी यांच्यामध्ये पंप, वीज, जलवाहिनी, शुद्धीकरण आणि ते चालवणारी माणसं असतात. आफ्रिकेतल्या काँगोत एवढ्या प्रचंड नद्या आहेत, तरी तिथल्या बहुसंख्य लोकांना सुरक्षित पाणी मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या हिशेबानं २०२४ मध्ये जगातले २१० कोटी लोक अशा पाण्याविना होते. सुरक्षित म्हणजे घरात, हवं तेव्हा आणि दूषित नसलेलं. पाऊस किती पडतो हे त्या व्याख्येत कुठंच नाही.

‘धरणं आमची’ हे तर अर्धंच खरं. राधानगरीचं नाव घेताना राजर्षी शाहू महाराजांचं नाव येणारच, आणि यायलाच हवं. पण ते धरण महाराजांच्या हयातीत पुरं झालं नव्हतं, स्वातंत्र्यानंतर झालं. पुढच्या पिढ्यांनी काम नेटानं पुरं केलं म्हणून आज आपण पाणी पितोय. शिवाय आपल्या नद्या कृष्णेच्या खोऱ्यातल्या. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) दिलं, आणि आपला वापर त्या हिश्शात मोजला जातो. खाली कर्नाटक आहे, तेलंगणा आणि आंध्र आहे.

वाहत्या पाण्याचा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो ऐकायला पटतो. आपली कोल्हापूरची नदी पंचगंगा, ती वाहते कुठं? पावसाळा संपला की पाणी अडवायला बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे फळ्या, घालतात. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, प्रत्येक ठिकाणी पाणी तुंबवलेलं. उन्हाळ्यात नदी म्हणजे एकापुढं एक डबकी. त्यात नाल्यांचं मैलापाणी, गावागावांची गटारं, कारखान्यांचं सांडपाणी येतं. ही घाण कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. वर केंदाळ (जलपर्णी) दाटतं, आणि एखाद्या सकाळी तेरवाडला हजारो मासे तोंड वर काढून तडफडताना दिसतात.

आणि हेच पाणी खालची गावं उपसतात. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. प्यायच्या पाण्यात मैलापाणी मिसळल्यावर पसरणारी ही कावीळ. यंत्रमागावर रोजंदारी करणाऱ्या माणसाला महिनाभर अंथरुणाला खिळणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आता कोल्हापूर शहराला दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईननं चांगलं पाणी येतं. आनंदच आहे. पण आपण धरणाचं पाणी प्यायचं आणि वापरून झालेलं खालच्यांच्या पुढ्यात सोडायचं, हा कुठला न्याय? कसबा बावड्याला आणि दुधाळीला सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आहेत. पण नाल्याचं जेवढं पाणी तिथपर्यंत पोचतच नाही, ते सरळ नदीत जातं. नदी स्वच्छ असती तर दूधगंगेचं पाणी इचलकरंजीला देण्याच्या सुळकूड योजनेवरून इचलकरंजी आणि दूधगंगाकाठ आमनेसामने आले असते का?

राहिला आरओ. हे यंत्र क्षार काढण्यासाठी असतं, आणि धरणाच्या पाण्यात क्षार मुळात कमी. एक लिटर गाळताना ते लिटरभर, कधी त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतं. म्हणूनच राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये, लिटरमागं ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील तिथं आरओ नको, असं सांगितलं होतं. शंका असली तर पाणी उकळा. काविळीच्या विषाणूवर तो उपाय चालतो, आणि गरिबालाही परवडतो.

हा मजकूर पुन्हा आला तर पुढं पाठवण्याआधी महापालिकेला एक प्रश्न विचारा: काल किती मैलापाणी प्रक्रिया न होता नदीत गेलं? हा आकडा रोज, नाल्यानिहाय जाहीर व्हायला हवा. शिरोळपर्यंतच्या प्रत्येक गावाला तो कळायला हवा, कारण ते पाणी त्यांच्याच घागरीत जातं.