‘घरी शिकवलंत तर तुरुंग’ म्हणणारा तो फॉरवर्ड

गोव्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘मुलाला घरी शिकवणं हा गुन्हा आहे. आरटीई कायद्याने आईवडिलांना दंड आणि कैद होते. अशा मुलांना दहावीला बसता येत नाही, ओपन स्कूलची मार्कशीट कुठे चालत नाही आणि एकदा शाळा सोडली की परत कुणी घेत नाही.’ खाली ‘जनहितार्थ’ हे आहेच. त्याखाली कुणीतरी दिलासा चिकटवलाय: ‘घाबरू नका, गोव्यात पोर्तुगीज कायदा आहे, आरटीई इथे लागू नाही.’

हा दिलासा आधी निकालात काढू. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता लग्न, कुटुंबाची मालमत्ता, वारसा या बाबींपुरती आपल्याकडे टिकून राहिली. शाळेशी तिचा संबंध नाही. आरटीई, म्हणजे शिक्षणाचा हक्क देणारा कायदा, हा संसदेचा २००९चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्यातून सुरुवातीला वगळलं होतं ते जम्मू-काश्मीर, गोवा नव्हे.

आता कैद. आरटीईचं कलम १० वाचलं की काळजात धस्स होतं, हे खरं. मुलाला शेजारच्या शाळेत प्राथमिक शिक्षणासाठी दाखल करणं हे प्रत्येक पालकाचं कर्तव्य, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. वय ६ ते १४. पण शिक्षा कुठे लिहिलीय म्हणून पुढे चाळत जा. कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीवर वरकड रक्कम, घेणाऱ्या शाळेला त्या फीच्या दहापटीपर्यंत दंड आहे, प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेणाऱ्या शाळेला दंड आहे, मान्यता नसताना शाळा चालवणाऱ्याला दंड आहे. पालकाला? दंडही नाही, कैद तर दूरच. राज्याचा १९९५चा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा एक कायदाही आहे, त्याचं नाव मात्र फॉरवर्डकर्त्याने घेतलेलं नाही. वकिलाकडे जाणार असाल तर आरटीईसोबत तोही त्यांच्यापुढे ठेवा.

शिक्षा नाही म्हणजे परवानगी आहे, अशी उडी काही जण लगेच मारतात. तीही चूक. ‘होमस्कूलिंग’ आरटीईत कुठेच नाही. त्याचा फॉर्म नाही, नोंदणी नाही, तपासणी नाही. २०१२ साली केंद्र सरकारने दिल्ली उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं की स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्यांच्या आड आरटीई येत नाही, आणि पुढे तेच प्रतिज्ञापत्र मागे घेतलं. म्हणजे सरकारनेच धड हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. तेव्हा ‘होमस्कूल रजिस्ट्रेशन करून देतो’ म्हणत कुणी पैसे मागितले तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

फॉरवर्डमध्ये ज्याचा उल्लेखही नाही, खरा धोका तिथे आहे. समजा आसगाव-शिवोलीच्या बाजूला पाच-सहा कुटुंबं एकत्र आली, एक घर भाड्याने घेतलं, शिक्षिका ठेवली, महिन्याची फी ठरली, हळूहळू बाहेरची मुलंही येऊ लागली. पालक त्याला ‘लर्निंग स्पेस’ म्हणोत की आणखी काही, शिक्षण खात्याच्या नजरेत ती मान्यता नसलेली शाळा ठरू शकते. आणि कलम १८ इथे दात दाखवतं: १ लाख रुपयांपर्यंत दंड, आदेशानंतरही चालू ठेवली तर दिवसाला १० हजारांपर्यंत. स्वतःच्या मुलीला स्वयंपाकघरातल्या टेबलावर अपूर्णांक शिकवणारी आई या कलमात येत नाही. तिची ती शेजारीण, जी दहा मुलांची फी गुगल पेवर घेते, तिने मात्र वेळीच सल्ला घ्यावा.

दहावीचं म्हणाल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून आहे आणि परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचा अधिकार त्याला केंद्र सरकारनेच दिलाय. दहावीसाठी किमान वय १४, बारावीसाठी १५. आठवी पास असल्याचा दाखला नसेल तर आपण त्या पातळीचा अभ्यास केल्याचं स्वप्रमाणपत्र चालतं. दहावीला पाच विषय. मराठी माध्यमही आहे. परीक्षा वर्षातून दोनदा, प्रवेश पाच वर्षं वैध, त्यामुळे एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं. ‘मार्कशीट चालत नाही’ ही हाकाटी बहुधा ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वेळची. २०१८ साली ओपन स्कूलच्या मुलांना नीटमधून वगळणारी अट घातली गेली आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. अट सगळ्यांना आठवते, निकाल कुणाला आठवत नाही.

एक गल्लत मात्र मराठी पालक हमखास करतात. पुण्या-मुंबईचे नातेवाईक सांगतात, ‘सतरा नंबरचा फॉर्म भर की!’ शाळेत न जाता खाजगीरीत्या परीक्षेला बसण्याचा तो फॉर्म महाराष्ट्र मंडळाचा. आपलं गोवा शालान्त मंडळ वेगळं, त्याच्या अटी वेगळ्या. खाजगीरीत्या बसायचं असेल तर त्या पर्वरीला जाऊन मंडळाच्या कार्यालयातच विचाराव्यात.

‘परत कुणी घेत नाही’ हे तर कायद्याच्या थेट विरुद्ध. कलम ४ प्रमाणे कधीच शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला वयानुसार इयत्तेत घ्यावं लागतं आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षणाची सोय द्यावी लागते. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शिवाय गावोगावच्या सरकारी मराठी शाळांची घटती पटसंख्या पाहता, तुमच्या दारी कुणी सरकारी माणूस आलाच तर तो बेड्या घेऊन नव्हे, प्रवेशाचा अर्ज घेऊन येईल.

अडचण येते ती कागदांची. शाळेतल्या मुलाला बोनाफाईड, म्हणजे त्या शाळेत शिकत असल्याचा दाखला, मागितला की दोन दिवसांत मिळतो. घरी शिकणाऱ्याकडे तो नसतो आणि पुढे गोव्यातल्या वास्तव्याचा पुरावा मागितला की धावाधाव होते. म्हणून जन्मदाखला, आधार, घरपट्टीची पावती किंवा भाडेकरार, लसीकरणाचं कार्ड हे पहिल्यापासून एका फायलीत ठेवा. शाळा सोडवत असाल तर शाळा सोडल्याचा दाखला त्याच दिवशी मागून घ्या. मुलाच्या वह्या रद्दीत घालू नका, दरवर्षीच्या थोड्या तरी तारीख घालून ठेवा. सर्वेक्षणाला आलेल्या भागशिक्षणाधिकाऱ्यांपुढे फॉरवर्ड वाचून दाखवण्यापेक्षा त्या वह्या ठेवणं केव्हाही बरं.