कंस क्वेरी बिल्डर घालत नाही, आपल्यालाच घालावे लागतात

काल भाचीचा मेसेज आला: "मामा, ही पोस्ट वाच. मी आमच्या कोडमधले निम्मे कंस काढून टाकले!" तिला पहिली नोकरी लागून जेमतेम तीन महिने झालेत. पोस्टचा दावा असा: क्वेरी बिल्डर (आपल्या कोडवरून डेटाबेसला विचारायचा प्रश्न, म्हणजे क्वेरी, तयार करून देणारं साधन) असेल तर अटींना कंस लागत नाहीत, अटी लिहिलेल्या क्रमानेच तपासल्या जातात, आणि नको ते वगळायला 'नॉट' (नाही) पुरेसा आहे. मी आधी विचारलं, कोड लाइव्ह गेला का? नव्हता गेला, म्हणून जीव भांड्यात पडला.

कंसांचा सल्ला सगळ्यात घातक आहे. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, अँड (आणि) हा ऑरच्या (किंवा) आधी बांधला जातो, गणितात गुणाकार बेरजेच्या आधी होतो तसा. भाचीला ग्राहक ७ च्या तक्रारी हव्या होत्या, त्यातल्या उघड्या किंवा तातडीच्या. तिने लारावेलमध्ये (वेबसाइट बनवायच्या एका तयार चौकटीत) दोन व्हेअर, म्हणजे अँडने जोडलेल्या अटी, आणि शेवटी एक ऑरव्हेअर, म्हणजे ऑरने जोडलेली अट, अशी साखळी लावली. बिल्डरने बनवलं हे:

ग्राहक = ७ अँड स्थिती = 'उघडी' ऑर तातडी = 'हो'

डेटाबेस ते असं वाचतो:

(ग्राहक = ७ अँड स्थिती = 'उघडी') ऑर तातडी = 'हो'

आता टेबलात ग्राहक ९ ची एक तातडीची तक्रार आहे असं धरा. ऑरच्या उजवीकडे ग्राहकाची अटच नाही, त्यामुळे ती ओळ थेट ग्राहक ७ च्या स्क्रीनवर येते. एकाची माहिती दुसऱ्याला दिसते! भाचीच्या टेस्ट डेटात ग्राहक एकच होता, म्हणून सगळ्या टेस्ट पास. आणि हीच साखळी डिलीटला लावली असती तर सगळ्याच ग्राहकांच्या तातडीच्या तक्रारी उडाल्या असत्या.

हे काही माझं एकट्याचं मत नाही. लारावेलच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये रिलेशनशिपच्या (टेबलांमधल्या नात्यांच्या) भागात नेमकी हीच सूचना आहे: युजरच्या पोस्ट आणताना पुढे ऑरव्हेअर जोडलं तर ते युजरच्या अटीच्याच पातळीवर बसतं, आणि क्वेरी त्या युजरपुरती राहत नाही. उपायही तिथेच दिलाय, ऑरच्या अटी क्लोजरमध्ये (एका निनावी फंक्शनमध्ये) टाकून त्यांचा गट करा. म्हणजेच कंस घाला.

एवढं मान्य करतो की सगळ्या अटी अँडच्या असतील तर कंसांवाचून अडत नाही. जँगोत (पायथन भाषेतली अशीच एक चौकट) एकाच फिल्टरमध्ये क्यू ऑब्जेक्ट, म्हणजे अटींचे तुकडे, ऑरने जोडले तर तो गट शाबूत राहतो, हेही खरं. पण तिथे गट तुम्ही स्वतः केलेला असतो. शिवाय पायथनमध्येही अँडचं चिन्ह ऑरच्या चिन्हाआधीच बांधलं जातं.

क्रमाचं म्हणाल, तर उपअटी कोणत्या क्रमाने तपासल्या जातील हे ठरलेलं नाही, असं पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचं डॉक्युमेंटेशन स्पष्ट सांगतं. शून्याने भागाकार टाळायला आधी 'क्ष > ०' लिहून भागत नाही, केस ('असं असेल तरच हे कर' सांगणारी एसक्यूएलची रचना) वापरावं लागतं.

राहिला नॉट. स्थिती नल (म्हणजे रिकामी, माहीत नसलेली) असलेली ओळ "स्थिती 'बंद' नाही" या अटीत येतच नाही. नॉट इनच्या ('या यादीत नसलेले') यादीत एक जरी नल घुसला तरी एकही ओळ हाती लागत नाही, आणि एररही येत नाही.

भाचीने रात्रीच कंस परत घातले. टेस्ट डेटात आता ग्राहक ९ सुद्धा आहे, त्याच्या तातडीच्या तक्रारीसकट.