नवशिक्याने व्हॉल्व्हचा अँप्लिफायर बांधावा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

गिटारसाठी व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) अँप्लिफायर घरी बांधण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनतीनदा वाचली. आपण अनेक वर्षे व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त केले आहेत आणि आपल्या प्रत्येक आक्षेपामागे तो अनुभव दिसतो. आपले म्हणणे थोडक्यात असे, की ज्याने कधी सोल्डरिंगही केलेले नाही अशा माणसाला साडेतीनशे व्होल्टच्या सर्किटसमोर बसवणे बेजबाबदारपणाचे आहे आणि त्याने आधी 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे एखादे पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालवायची छोटी पेटी) बांधावे. शिवाय माझ्या जोडणीच्या चित्रात ब्लीडर रेझिस्टर (वीज बंद केल्यावर कंडेन्सरमधला साठा रिकामा करणारा) नाही, घरात आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असल्यास शॉकची भीती नाही हे माझे वाक्य चूक आहे आणि ट्रान्झिस्टरवर हेच काम होत असताना व्हॉल्व्हचा आग्रह अनाकलनीय आहे, असेही आपण म्हटले आहे.

आरसीसीबीविषयीचे वाक्य चूकच होते आणि ते मी काढून टाकले आहे. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांची तुलना करतो आणि त्यांत फरक पडला तरच वीज तोडतो. अँप्लिफायरमधला उच्च दाब मात्र ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवर, म्हणजे भिंतीतल्या विजेपासून वेगळ्या असलेल्या दुसऱ्या गुंडाळीवर, असतो. तिथे हात लागला तर करंट शरीरातून चेसिसकडे (धातूच्या सांगाड्याकडे) आणि चेसिसवरून त्याच सेकंडरीच्या मधल्या टोकाकडे परततो, प्रायमरीच्या (भिंतीतल्या विजेला जोडलेल्या गुंडाळीच्या) दोन्ही तारांतला करंट सारखाच राहतो आणि भिंतीवरच्या आरसीसीबीला काही घडल्याचे कळतच नाही. प्रायमरीची फेज चेसिसला टेकली तर तो जीव वाचवतो, पण तेही अर्थिंग नीट असेल तर भरवशाचे. अनेक जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटमधली अर्थची पिन कशालाच जोडलेली नसते, म्हणून फेज आणि अर्थ यांच्यातला दाब मोजून तो 230 व्होल्टच्या आसपास असल्याची खात्री आधी करावी, असे आता लेखात लिहिले आहे. गिटारच्या तारा केबलच्या शिल्डमधून थेट चेसिसला जोडलेल्या असतात, त्यामुळे ही खात्री वाजवणाऱ्याच्या बोटांसाठीही आहे.

ब्लीडरच्या बाबतीत माझी चूक अधिक गंभीर होती, कारण त्याची गरज मी स्वतः अनुभवली होती आणि तरीही तो चित्रात दाखवला नाही. मी बांधलेले सर्किट फेंडरच्या 1950 च्या दशकातल्या चँप या अँप्लिफायरचे आहे. त्यात पुढच्या दोन टप्प्यांसाठी एक 12एएक्स7, शेवटी एक 6व्ही6 आणि रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा) म्हणून 5वाय3 असे तीनच व्हॉल्व्ह आहेत आणि त्यातून सुमारे 5 वॅट मिळतात. पहिल्यांदा वीज दिली तेव्हा महागडे व्हॉल्व्ह जळू नयेत म्हणून मी फक्त रेक्टिफायर बसवला आणि बाकीचे दोन बाजूला ठेवले. करंट ओढणारे कोणीच नसल्यामुळे 325 व्होल्टच्या सेकंडरीतून कंडेन्सर शिखर दाबापर्यंत, म्हणजे जवळजवळ 460 व्होल्टपर्यंत भरले, आणि मी वापरलेले कंडेन्सर 450 व्होल्टचे होते. वीज बंद केल्यावर तो साठा रिकामा व्हायला वाटच नव्हती. वीस मिनिटांनी आत स्क्रूड्रायव्हर घातला तेव्हा मोठा आवाज होऊन ठिणगी उडाली आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला खड्डा पडला. माझे तीन कंडेन्सर मिळून 42 मायक्रोफॅरड होतात, म्हणजे पूर्ण भरलेले असताना त्यांत सुमारे साडेचार जूल ऊर्जा होती. तिथे बोट असते तर काय झाले असते, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

व्हॉल्व्ह बसवलेले आणि तापलेले असतील तर वीज बंद केल्यावर ते व्हॉल्व्हच कंडेन्सर रिकामे करतात, म्हणून हा धोका एरवी दिसत नाही. पण व्हॉल्व्ह काढलेला असतो किंवा फिलामेंटची (व्हॉल्व्ह तापवणारी) तार तुटलेली असते, नेमके तेव्हाच माणूस चेसिस उलटी करून आत हात घालतो. पहिल्या कंडेन्सरवर 220 किलोओहमचा रेझिस्टर लावला तर 460 व्होल्ट साधारण पाऊण मिनिटात तीनचार व्होल्टांवर येतात. त्यात जेमतेम 1 वॅट उष्णता होते, तरी तो 3 वॅटचा आणि किमान 500 व्होल्ट सोसणारा घ्यावा.

पेडलच्या सूचनेशी मी निम्मा सहमत आहे. सोल्डरिंग शिकायला, डाग चकचकीत आणि पक्का कसा बसतो हे कळायला पेडल उत्तम आहे, आणि ते आधी बांधावे असे मी आता लेखातही म्हटले आहे. पण 9 व्होल्टवर हात निष्काळजी राहिला तरी चालते, आणि ती सवय घेऊनच माणूस पुढे मोठ्या दाबाकडे जातो. मीटरची काळी वायर क्लिपने चेसिसला लावून एकाच हाताने मोजणे, वीज बंद केल्यावरही मोजल्याशिवाय आत न जाणे, पहिल्यांदा वीज देताना आपल्या पिढीच्या प्रत्येक रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे असलेला सिरीज बल्ब (विजेच्या वाटेत जोडलेला, जादा करंट रोखणारा दिवा) मध्ये ठेवणे, या गोष्टी बॅटरीवर शिकता येत नाहीत.

आणि माझ्या मते खरा धोका नवखेपणात कमी आणि न समजता नक्कल करण्यात जास्त आहे. इथेच मला चँपचे सर्किट मोलाचे वाटते, कारण त्यातला प्रत्येक आकडा नवशिक्याला कागदावर काढून मीटरवर पडताळता येतो. 12एएक्स7 मधल्या पहिल्या ट्रायोडच्या (त्या व्हॉल्व्हच्या पहिल्या भागाच्या) कॅथोडखाली, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाखाली, 1.5 किलोओहमचा रेझिस्टर आहे. तिथे 1.4 व्होल्ट दिसले तर करंट 0.93 मिलिअँपिअर. तोच करंट प्लेटच्या (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या टोकाच्या) 100 किलोओहममधून जातो, म्हणजे तिथे 93 व्होल्ट पडले पाहिजेत आणि पुरवठा 250 असेल तर प्लेटवर 157 च्या आसपास दिसले पाहिजेत. हे आधी लिहून मग मोजणाऱ्याला चुकीची जोडणी आकड्यावरूनच कळते, तिचा वास किंवा धूर येण्याची वाट पाहावी लागत नाही. 6व्ही6 च्या कॅथोडखाली 470 ओहम आहेत. तिथे 19 व्होल्ट दिसले तर करंट 40 मिलिअँपिअर, त्यातला थोडा स्क्रीन ग्रिडचा (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचा). प्लेट आणि कॅथोड यांच्यात 320 व्होल्ट असतील तर व्हॉल्व्ह जवळजवळ 12 वॅट झेलतो आहे, आणि जुन्या डेटाशीटमधली मर्यादाही तेवढीच आहे. मग घरातला पुरवठा 245 व्होल्टवर गेला की काय होईल, हा प्रश्न शिकणाऱ्याच्या मनात आपोआप येतो. माझ्या आधीच्या लेखात मी ही आकडेमोड न देता नुसते चित्र दिले, हा दोष आपण नेमके या शब्दांत मांडला नसला तरी आपल्या टीकेचा गाभा मला तोच वाटतो.

ट्रान्झिस्टरविषयी माझा वाद नाही, त्यावर उत्तम आवाजाचे अँप्लिफायर झाले आहेत. शिकण्यासाठी व्हॉल्व्ह निवडला, कारण भाग थोडे आणि मोठे असतात आणि गुणगुण ऐकूनही दोष शोधता येतो. आपल्याकडे 50 हर्ट्झची गुणगुण आली तर आधी फिलामेंटच्या तारांकडे आणि अर्थच्या जोडण्यांकडे बघावे, 100 हर्ट्झची असेल तर फिल्टरच्या कंडेन्सरकडे.

सुधारित चित्रात ब्लीडर पहिल्या कंडेन्सरच्या दोन टोकांवरच सोल्डर केलेला दाखवला आहे. बोर्डावर दुसरीकडे लावला असता तर मधली एक तार सुटताच कंडेन्सर भरलेला आणि ब्लीडर बाजूला, अशी स्थिती झाली असती. ब्लीडर स्वतःही तुटू शकतो, म्हणून तो असला तरी मीटर लावून 10 व्होल्टच्या खाली दाब आल्याचे पाहिल्याशिवाय हात घालू नये, हे वाक्य चित्राखालीच ठळक अक्षरांत घातले आहे. या चित्रात आणखी काही खटकले तर कृपया कळवावे, मी ते त्याच दिवशी दुरुस्त करीन.