पडद्यावरचे चुंबक आणि खरे चुंबक : एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभारी आहे. आयझिंग प्रतिमानाच्या, म्हणजे चुंबकाच्या एका सोप्या गणिती नमुन्याच्या, संगणकावरील सिम्युलेशनमधून चुंबकत्व शिकवावे, या माझ्या सूचनेवर आपण तीन आक्षेप घेतले आहेत : प्रोग्रॅममध्ये जे घातले तेच पडद्यावर येते, म्हणून विद्यार्थ्याला निसर्गाविषयी काहीच नवे कळत नाही, पडद्यावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांना तो लोखंडातील डोमेन (चुंबकत्वाची दिशा एकच असलेले छोटे भाग) समजून बसतो, आणि यासाठी लागणारे संगणक सर्वांजवळ नसतात. पहिला आक्षेप यांत सर्वांत महत्त्वाचा आहे आणि मला तोच सर्वांत कमी पटतो.

प्रोग्रॅममध्ये नेमके काय घातलेले असते ते पाहू. जाळीच्या प्रत्येक घरात वर किंवा खाली अशा दोनच दिशा घेऊ शकणारा एक स्पिन, म्हणजे जणू एक इवलासा चुंबक, असतो आणि लगतचे दोन स्पिन एकाच दिशेला असले की ऊर्जा कमी होते. संगणक एखादे घर कसलाही क्रम न पाळता निवडतो आणि तिथला स्पिन उलटवल्यास ऊर्जा किती बदलेल हे काढतो. ऊर्जा वाढत नसेल तर तो स्पिन उलटवतो, वाढत असेल तर तापमानावर अवलंबून असलेल्या संभाव्यतेनुसारच उलटवतो. मेट्रोपोलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली मांडलेली रीत ती हीच.

या नियमात क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर पदार्थाचे चुंबकत्व नाहीसे होते ते संक्रमण तापमान, कुठेही लिहिलेले नाही. तरीही हाच नियम एका सरळ रांगेला लावला तर निरपेक्ष शून्याच्या वर कोणत्याही तापमानाला चुंबकत्व टिकत नाही, चौरस जाळीत ते सुमारे २.२६९ पर्यंत टिकते आणि घनाकार जाळीत सुमारे ४.५१ पर्यंत. (येथे तापमान शेजारच्या स्पिनांमधील परस्परक्रियेच्या ऊर्जेच्या पटीत मोजले आहे.) नियमाकडे नुसते पाहून हे सांगता येत नाही, याची साक्ष या प्रतिमानाचा इतिहासच देतो. विल्हेल्म लेन्झ यांनी १९२० साली सुचवलेले हे प्रतिमान त्यांचे विद्यार्थी अर्न्स्ट आयझिंग यांनी एका मितीत सोडवले आणि १९२५ साली ते प्रसिद्ध करताना अधिक मितींतही चुंबकत्व उद्भवणार नाही असा तर्क केला, जो पुढे चुकीचा ठरला. द्विमितीत ते उद्भवायलाच हवे हा पायर्ल्स यांचा युक्तिवाद १९३६ चा, आणि ऑन्सागर यांचे अचूक उत्तर १९४४ चे. वाइस यांच्या १९०७ च्या सिद्धान्ताची पद्धत (प्रत्येक स्पिनवर शेजाऱ्यांचा केवळ सरासरी परिणाम धरण्याची) चौरस जाळीला लावली तर २.२६९ ऐवजी ४ येतात, आणि सरळ रांगेसाठी शून्याऐवजी २. म्हणून मी विद्यार्थ्याला आधी स्वतःचा अंदाज कागदावर लिहायला लावतो आणि मगच प्रोग्रॅम सुरू करू देतो. अंदाज न लिहिता पाहिलेले सिम्युलेशन ही निव्वळ करमणूक असते, एवढे आपले म्हणणे मला मान्य आहे.

प्रयोगाला पर्याय म्हणून मी हे सुचवलेले नाही. निकेलची तार तापवली की सुमारे ३५४ अंश सेल्सिअसला ती चुंबकाला सोडून खाली येते, आणि ते प्रत्यक्ष पाहायलाच हवे. मात्र तार का सोडते हे त्या तारेत दिसत नाही. कोलोरॅडो विद्यापीठातील २००५ च्या एका अभ्यासात विद्युतमंडलांचे सिम्युलेशन वापरलेले विद्यार्थी खरी उपकरणे हाताळलेल्यांपेक्षा संकल्पनांच्या प्रश्नांत सरस ठरले होते, पण तो विषय मंडलांचा होता. चुंबकत्वासाठी मी त्याचा आधार घेणार नाही.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे आणि माझ्या मते शिकवण्याची खरी संधीही तिथेच आहे. लोखंडात डोमेन तयार होतात ते चुंबकी द्विध्रुवांच्या, म्हणजे अणूंच्या पातळीवरील इवल्या चुंबकांच्या, दूरवर पोहोचणाऱ्या परस्परक्रियेमुळे, आणि आयझिंग प्रतिमानात ती नसतेच. म्हणून तापमान एकदम उतरवल्यावर पडद्यावर दिसणारे पट्टे ही केवळ मधली अवस्था असते. ते हळूहळू वाढत जाऊन बहुधा नाहीसे होतात, कधी अडकूनही बसतात. शिवाय लोखंडात दोन डोमेनमधली भिंत शंभराहून अधिक अणूंच्या रुंदीत पसरलेली असते, तर इथे एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंतच दिशा पूर्ण उलटते. हा फरक विद्यार्थ्याकडूनच शोधून घ्यावा. दहा बाय दहाच्या जाळीत संक्रमण तापमानाच्या किंचित खालीही चुंबकत्वाचे चिन्ह अधूनमधून उलटते, हेही त्याने पाहावे. मोठ्या जाळीत त्या तापमानाजवळ प्रोग्रॅम इतका रेंगाळतो, की बाजूची लांबी दुप्पट केल्यावर स्थिरावायला चौपटीहून अधिक फेऱ्या लागतात.

खऱ्या डोमेनसाठी सूक्ष्मचुंबकी सिम्युलेशन असते, ज्यात चुंबकत्वाची दिशा कशी बदलत जाते हे सांगणारे लांडाउ-लिफ्शिट्झ यांचे १९३५ चे समीकरण सोडवतात आणि पर्मॅलॉय या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूसाठी जाळीतल्या घराची बाजू साधारण ५ नॅनोमीटरपेक्षा मोठी ठेवत नाहीत. संगणकावर आंधळा विश्वास नको, या आपल्या मुद्द्याला इथे चांगले उदाहरण सापडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या पुढाकाराने ठेवलेल्या पहिल्या प्रमाण-प्रश्नात (प्रोग्रॅम पडताळण्यासाठी सर्वांना दिलेल्या एकाच प्रश्नात) पर्मॅलॉयच्या एकाच आयताकृती पातळ तुकड्याचे हिस्टेरिसिस वक्र, म्हणजे बाहेरचे चुंबकी क्षेत्र वाढवता-घटवताना चुंबकत्व कसे बदलते याचे आलेख, निरनिराळ्या गटांनी काढले, आणि ते एकमेकांशी जुळले नाहीत. त्यानंतरचे प्रमाण-प्रश्न अधिक काटेकोरपणे बेतले गेले. प्रगत वर्गात मी हा प्रसंग वक्रांसकट दाखवतो.

साधनांविषयी थोडक्यात सांगतो. शंभर बाय शंभरच्या जाळीसाठी साध्या मोबाइलचा ब्राउझर पुरतो आणि प्रोग्रॅम तीसेक ओळींत लिहिता येतो. सूक्ष्मचुंबकी गणनेला मात्र चांगला संगणक लागतो, म्हणून तो भाग मी शालेय स्तरासाठी सुचवलेला नाही.