‘स्वामी’बद्दलचं मत बदललं तर बिघडलं कुठं?

एक मजकूर गेल्या दिवाळीपासून फिरतो आहे. मला तो आधी माहेरच्या गटात आला, मग शाळेच्या मैत्रिणींकडून आणि शेवटी वाचनालयाच्या गटातही. त्याचा सारांश असा: माधवराव पेशवे आणि रमाबाईंवरची ‘स्वामी’ आणि थोरले बाजीराव आणि मस्तानीवरची ‘राऊ’ या कादंबऱ्यांवरून आपल्या आईवडिलांची पिढी जीव ओवाळून टाकत होती. आजच्या मुलींना मात्र त्यांत खोट दिसते. रमाबाईंचं सती जाणं त्यांना खुपतं, मस्तानीपेक्षा बाजीरावांच्या पत्नी काशीबाईंचा कळवळा येतो. हे सगळं मोबाइलच्या पिढीचं खूळ आहे. जुना काळ आजच्या चष्म्यातून वाचू नये. या कादंबऱ्या म्हणजे आपला इतिहास आहे, आणि ज्यांना तो पटत नाही त्यांनी त्या हातात धरू नयेत.

हा मजकूर पाठवणाऱ्यांत माझ्या जवळची, पुस्तकांवर मनापासून प्रेम करणारी माणसं आहेत. म्हणून गप्प बसवत नाही. ‘स्वामी’ मी स्वतः पाचदा तरी वाचली असेल. पहिल्यांदा आठवीच्या सुट्टीत, माडीवरच्या खिडकीत बसून, आणि शेवटी इतकी रडले होते की आजीनं वर येऊन कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं होतं. त्या पुस्तकावरचं माझं प्रेम आटलेलं नाही. मत मात्र बदललं आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

आता मजकुरातल्या पहिल्याच वाक्याकडे येते. ‘पूर्वी या कादंबऱ्या सगळ्यांना आवडत, त्यांच्याबद्दल दुमत नव्हतं.’ दुमत होतं, आणि चांगलं खणखणीत होतं. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ ची. तिला १९६४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, घराघरांत ती पोचली, हे खरंच. पण ‘स्वामी’च्या पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी आली आणि बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रहही आला. ही पुस्तकं उचलणारा वाचक त्याच महाराष्ट्रात, त्याच वाचनालयांच्या रांगेत उभा होता, आणि त्याला पेशव्यांच्या महालात शिरायचं नव्हतं. पुढं १९७२ साली ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्याच्या रंगमंचावर पेशवाईची काळी बाजू दाखवणारं विजय तेंडुलकरांचं नाटक ‘घाशीराम कोतवाल’ उभं राहिलं. एकाच शहराची, एकाच पेशवाईची दोन चित्रं एका वर्षात लोकांसमोर आली, आणि त्यांवरून घराघरांत भांडणं झाली. तेव्हा कुणाच्याच हातात मोबाइल नव्हता. पेशवाईबद्दलचं मत बदलायला आजच्या मुलींनी सुरुवात केली म्हणणं हा त्या वेळच्या वाचकांवर अन्याय आहे. त्यांना आपण उगाच एकसुरी ठरवतो.

चष्म्याचा मुद्दा सगळ्यांत जास्त पसरला आहे. ‘त्या काळाकडे त्या काळाच्या नजरेनं बघा.’ मला एवढंच विचारायचं आहे, की या कादंबऱ्या कुणाच्या नजरेनं लिहिल्या गेल्या? मस्तानीचंच बघा. जुन्या कागदांत आणि बखरींत तिचा उल्लेख कलावंतीण म्हणून येतो, पेशव्यांच्या घराण्याला लागलेला डाग म्हणून येतो. इनामदारांनी ते मानलं नाही. त्यांनी तिला मन दिलं, मान दिला, बाजीरावांच्या बरोबरीनं उभं केलं. हे अठराव्या शतकाच्या नजरेनं केलेलं नाही, १९७२ च्या नजरेनं केलं आहे, आणि फार चांगलं केलं. ‘राऊ’ हीच मुळात एका जुन्या मताची दुरुस्ती आहे. ज्या कादंबरीनं मस्तानीबद्दलचं दोनशे वर्षांचं मत फिरवलं, तिच्याबद्दलचं मत वाचकानं मात्र तसूभर हलवू नये, हा न्याय कुठला?

‘स्वामी’तही तेच आहे. त्यातले रमा-माधव एकमेकांशी ज्या मोकळेपणानं, ज्या हळुवारपणानं बोलतात, ते साठच्या दशकातल्या मराठी मध्यमवर्गाचं सहजीवनाचं स्वप्न होतं. माझ्या मावशीला लग्नात ‘स्वामी’च्या दोन प्रती आहेरात आल्या होत्या. एक नवऱ्याच्या मित्रानं दिलेली, एक तिच्या बाईंनी. पेशवाईचा इतिहास कळावा म्हणून कुणी नवऱ्या मुलीला पुस्तक देत नाही. संसार असा व्हावा, नवऱ्यानं असं बोलावं, म्हणून दिलं होतं. तेव्हाच्या वाचकांनी आपल्या काळाची आस घेऊन ते पुस्तक वाचलं. आजची मुलगी तिच्या काळाची आस घेऊन वाचते. फरक असलाच तर आशेत आहे, वाचण्यात नाही.

आता सतीबद्दल. मजकुरात लिहिलं आहे, ‘सती जाणं हा तेव्हाचा धर्मच होता, रमाबाईंपुढं दुसरी वाट नव्हती.’ इथं मला थांबून बोलायचं आहे, कारण ज्या इतिहासाच्या नावानं हे सांगितलं जातं तो इतिहासच असं सांगत नाही.

बाहेर कुठं जायला नको, पेशव्यांच्याच घरात बघा. बाळाजी विश्वनाथ १७२० साली गेले. त्यांच्या पत्नी राधाबाई त्यानंतर १७५३ पर्यंत होत्या, आणि घरातल्या वडीलधाऱ्या म्हणून त्यांचा शब्द मानला जात होता. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० ला नर्मदेकाठी रावेरखेडीला गेले. काशीबाई १७५८ पर्यंत होत्या. त्यांनी मस्तानीच्या मुलाला, समशेर बहाद्दराला, पोटच्या पोरासारखं वाढवलं, आणि माहेरी चासला सोमेश्वराचं देऊळ बांधलं. नानासाहेब १७६१ साली, पानिपतानंतर, गेले. त्यांच्या पत्नी गोपिकाबाई १७८८ पर्यंत होत्या. सलग तीन पेशवे, आणि तिघांच्याही पत्नी मागे राहून जगल्या. बाजीरावांचे भाऊ चिमाजीअप्पा यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई मात्र सती गेल्या, त्याच घरातून, १७४० सालीच. आणि होळकरांकडे १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले, तेव्हा मल्हाररावांनी सुनेला सती जाण्यापासून परावृत्त केलं. ती सून म्हणजे अहिल्याबाई. रमाबाई सती जायला तेव्हा अठरा वर्षं अवकाश होता.

म्हणजे दोन्ही वाटा होत्या, आणि त्या सगळ्यांना माहीत होत्या. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी क्षयानं गेले आणि रमाबाई सती गेल्या. त्यांनी तसं का ठरवलं असेल, हा प्रश्न म्हणूनच खरा आहे. कादंबरी त्याचं उत्तर प्रेमाच्या पूर्णतेत शोधते. आजची वाचक विचारते, की प्रेम पूर्ण व्हायला तिचं जळणं का लागावं? हा प्रश्न विचारणारी मुलगी इतिहासाच्या जास्त जवळ आहे, कारण ती रमाबाईंना निवड करू शकणारी बाई मानते. दुसरी वाट नव्हतीच म्हटलं की रमाबाईंचं काहीच उरत नाही.

आणि हा प्रश्न आजच्या मुलींनी पहिल्यांदा विचारला असंही नाही. माझ्या आईची ‘स्वामी’ची प्रत माझ्याकडे आहे. पुठ्ठा सुटलेला, पाठीला खाकी कागद चिकटवलेला, पहिल्या पानावर माहेरच्या नावाची सही. पानांच्या कडा हळदीच्या बोटांनी पिवळ्या झाल्या आहेत, कारण ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून वाचायची. पण शेवटची पानं मात्र कोरीकरकरीत पांढरी आहेत. ती सुरू होतात तिथं सांगली-मिरज एसटीचं एक जुनं तिकीट खुणेला घातलेलं आहे. मी कॉलेजात असताना तिला त्याबद्दल विचारलं. बाबा गेले तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. म्हणाली, “त्यानंतर मी दर दोन-तीन वर्षांनी ‘स्वामी’ वाचते, पण त्या तिकिटापर्यंतच. पुढचं आता वाचवत नाही.” आणि जरा थांबून म्हणाली, “रमाबाईंना मूल नव्हतं, मला तुम्ही दोघं होतात, असं सगळे म्हणायचे. पण तुम्ही नसता तरी मला जगायचंच होतं गं.”

आई शाळेत शिपाई म्हणून लागली, मग परीक्षा देऊन लिपिक झाली. तिनं कधी कुठल्या चर्चेत भाग घेतला नाही. तिचं मत त्या तिकिटात आहे. तिला ‘स्वामी’ आवडत नव्हती असं कुणी म्हणून दाखवावं!

‘या कादंबऱ्या म्हणजे आपला इतिहास आहे’ या मुद्द्याला फार वेळ नको. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातले निवडक कागद पंचेचाळीस खंडांत छापून दिले. मोहिमा, कर्जं, तहनामे, घरातली भांडणंसुद्धा त्यांत सापडतात. रमा आणि माधव एकांतात काय बोलले ते कागदात कसं असेल? ते कादंबरीकारानं रचलं, आणि तेच आपल्या मनात राहिलं. १७६३ ला राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला हा इतिहास. त्या विजयानंतर शनिवारवाड्यात कुणाच्या डोळ्यांत काय दाटलं, ही कादंबरी. दोन्ही मोलाचं आहे. पण कादंबरीबद्दल वेगळं बोललं की इतिहासाचा अपमान झाला असं म्हणणाऱ्यांनी हा फरक एकदा मनाशी नीट मांडून बघावा.

मजकुरातली एक तक्रार मात्र मला मान्य आहे. काही जण पुस्तक न उघडताच, मिनिटभराचं रील बघून, ‘त्यात सतीचं उदात्तीकरण आहे’ म्हणून मोकळे होतात. ते चूकच आहे. ‘स्वामी’ची भाषा, थेऊरच्या आजारपणातला तो उतरत जाणारा प्रकाश, सत्तेच्या ओझ्याखाली वाकलेला तरुण पेशवा, हे ज्यानं अनुभवलं नाही त्याला त्या पुस्तकाशी भांडायचा अधिकार अजून मिळवायचा आहे. पण ही तक्रार न वाचणाऱ्यांबद्दलची झाली. मजकूर बोट दाखवतो ते वाचणाऱ्या मुलींकडे.

आणि म्हणूनच त्यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यांत जास्त लागलं. ‘पटत नसेल तर हातात धरू नका.’ असं कसं म्हणवतं? २०१५ ला ‘बाजीराव मस्तानी’ सिनेमा आला, त्यानंतर माझ्या भाचीनं माझ्याकडून ‘राऊ’ नेली. इंग्रजी माध्यमातली मुलगी, सुरुवातीची पन्नास पानं तिला जड गेली. रोज रात्री फोन करून शब्द विचारायची. खलबत म्हणजे काय, मुदपाकखाना म्हणजे काय. दोन महिन्यांनी पुस्तक परत घेऊन आली तेव्हा चिडलेली होती. “मावशी, मस्तानीसाठी रडले मी, पण काशीबाईंचं काय? त्या एवढ्या मोठ्या घरात त्या कुणाशी बोलत असतील?” त्या मजकुराच्या हिशेबानं ही मुलगी ‘राऊ’ वाचायला नालायक ठरते. मला तर तिच्यासारखी वाचक त्या पुस्तकाला गेल्या कित्येक वर्षांत मिळाली नसेल असं वाटलं.

काशीबाईंबद्दल आणखी काय वाचता येईल, असं तिनं विचारलं. मी तिला सरदेसायांच्या ‘मराठी रियासत’ या इतिहासग्रंथाचा बाजीरावांवरचा खंड दिला, आणि मे महिन्यात आम्ही दोघी चासला जाऊन आलो. सोमेश्वराच्या देवळाच्या पायरीवर बसून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आता ‘राऊ’ परत एकदा दे.”