एकादशीच्या ताटात कोण कोण बसलंय

आषाढी एकादशीला आमच्या घरी एक प्रसंग घडला. मनातून जात नाही, म्हणून लिहितेय.

माझी सून इंदूरचीच, माळवी घरातली. तिने सकाळी साबुदाण्याची खिचडी केली, सराफ्यात म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात मिळते तशी. म्हणजे साबुदाणा तुपात परतायचा नाही, वाफेवर मोकळा फुलवायचा आणि द्यायच्या वेळी त्यात फराळी चिवडा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, मसाला घालून कालवायचा. पुण्याहून आलेल्या माझ्या वन्संनी ताटाकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "अगं, ही कसली खिचडी? उपासाला कोथिंबीर चालते का? आपली खरी पद्धत शिकवली नाहीस का हिला?" विचारलं मला, पण ऐकायचं होतं सुनेने. ती "आत्या, तुमच्यासाठी वेगळी करते" म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. मी गप्प बसले. बसायला नको होतं.

वन्संबद्दल माझ्या मनात राग नाही, त्यांनी आमचं खूप केलंय. पण "आपली खरी पद्धत" हे शब्द टोचले. कारण त्या ताटात खूप जुनं, आपलंच असं फार थोडं होतं.

साबुदाण्यापासूनच बघा. तो कसाव्याच्या कंदाचा, आणि कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्याच्या कडू जातीच्या कच्च्या कंदात सायनाइड तयार होतं. ॲमेझॉनच्या जंगलातले लोक कंद किसून, वेताच्या लांब विणलेल्या नळीत भरून, ताण देऊन विषारी रस पिळून काढतात आणि मगच उरलेला कीस भाजतात. ही युक्ती ज्यांना पहिल्यांदा सुचली त्यांना माझा नमस्कार. केरळात कसाव्याच्या लागवडीला जोर आला तो १८८० नंतर, त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ यांच्यामुळे. पण त्यानंतरही बरीच वर्षं आपल्याकडे येणारा साबुदाणा वेगळाच होता. तो मलाया बाजूच्या सागू नावाच्या ताडासारख्या झाडाच्या गाभ्यातून निघायचा. 'साबु' हा शब्द त्या 'सागू'चाच. दुसऱ्या महायुद्धात ती आवक थांबली आणि तमिळनाडूत सेलमला कसाव्यापासून साबुदाणा करायला सुरुवात झाली. साल १९४३ च्या आसपास. म्हणजे आज आपण भिजवतो तो साबुदाणा माझ्या सासूबाईंच्या वयाचा आहे! आणि त्यात काय चालतं नि काय नाही, यावरून आपण एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आणतो.

बाकीचं ताटही तसंच. शेंगदाणे दक्षिण अमेरिकेचे. मिरची अमेरिकेची, पोर्तुगीज जहाजांतून आलेली. रताळं तिकडचंच, बटाटाही. बटाट्याच्या नावाची गंमत मला फार आवडते. कॅरिबियन बेटांवरचे लोक रताळ्याला 'बटाटा' म्हणायचे. युरोपात दोन्ही कंद पोचले, नावांचा घोळ झाला आणि रताळ्याचं नाव पोर्तुगीजांमार्फत आपल्या बटाट्याला चिकटलं. इकडे इंदूरच्या बाजारात आपण 'आलू' म्हणतो. तो संस्कृतातला आलुक. हा शब्द बटाटा येण्याच्या कितीतरी आधीचा, आपल्या जुन्या कंदांचा. थंडीत सराफ्यात तळून देतात तो गराडू त्यांच्याच कुळातला. घरात बटाटा आणि बाजारात आलू, आमच्या जिभेवर दोन्ही नावं, आणि दोन्ही दुसऱ्याची. फ्रान्समध्ये तर बटाट्याने महारोग होतो अशी भीती होती. पॅरिसच्या वैद्यांनी १७७२ साली तो खाण्याजोगा ठरवला.

पण ज्याने मला खरोखर हलवलं, तो राजगिरा.

राजगिऱ्याचा लाडू म्हणजे माझ्या लेखी उपवासाचं सगळ्यात सोज्वळ रूप. हे दाणेही मेक्सिकोकडचे. तिथल्या ॲझ्टेक लोकांसाठी राजगिरा रोजचं धान्य होतं आणि देवाचंही. खंडणीत राजाला राजगिऱ्याच्या राशी द्यायच्या. सणाला राजगिऱ्याचं पीठ पाकात मळून देवाची मूर्ती घडवायची, तिची पूजा करायची आणि मग तिचे तुकडे सगळ्यांनी प्रसादासारखे खायचे. सोळाव्या शतकात स्पॅनिश आले. त्यांच्या पाद्र्यांना यात चर्चमधल्या भाकरीच्या प्रसादाची, म्हणजे आपल्या धर्मविधीची विटंबना दिसली, आणि त्या मूर्ती आणि ते सण बंद पाडले गेले. राजगिऱ्याची शेतीही पुढे खूप आटली. आणि त्याच दाण्याला हजारो मैलांवर आपल्या बायकांनी उपवासाच्या डब्यात जागा दिली. मेक्सिकोत आजही फुलवलेला राजगिरा मधात किंवा गुळासारख्या पाकात घोळून वड्या विकतात. त्या मिठाईला 'आलेग्रिया' म्हणतात, म्हणजे आनंद. तिचा फोटो पाहिला तेव्हा मला वाटलं, ही तर आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातली राजगिऱ्याची वडी.

इतक्या परदेशी वस्तू उपवासाला चालल्या कशा? मला पटणारं कारण असं, की शास्त्राने गहू, तांदूळ, डाळी नाव घेऊन वर्ज्य केल्या. जी धान्यं, जे कंद नंतर आले, त्यांची नावं त्या यादीत असणारच कशी? घरातल्या बायकांनी ती फट ओळखली आणि पोट भरेल असा उपवास उभा केला. मला ही मोठी हुशारी वाटते. ऋषिपंचमीची भाजी बघा, बैलाच्या कष्टाचं काही नको हा किती जुना नेम. पण आज त्या भाजीत मक्याचं कणीस आणि लाल भोपळा हौसेने पडतात, आणि दोन्ही अमेरिकेचे.

ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताईने मांडे भाजले ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या काळच्या स्वयंपाकात मिरची नव्हती. तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आलं. ती मिरीही काय साधी! इजिप्तच्या दुसऱ्या रामसेस राजाच्या ममीच्या नाकपुड्यांत मिरे सापडले, म्हणजे तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी दक्षिण भारतातला जिन्नस तिथवर पोचला होता. इ.स. ४०८ मध्ये रोमला वेढा घालणाऱ्या अलारिकने सोन्या-चांदीबरोबर तीन हजार पौंड मिरी मागून घेतली. नवी आली तिला आपण मिरीचंच नाव दिलं, मिरची.

आणि जुनं म्हणजे सोवळं, असंही नाही. चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त, साधारण ११३० सालच्या, मांडे आहेत, उडदाच्या इडलीसारखा पदार्थ आहे, आणि नदीकाठचे उंदीर तेलात तळून शिजवायची रीतही आहे. परंपरेत काय घ्यायचं ते प्रत्येक पिढीने निवडलंच आहे. माझ्या सुनेने कोथिंबीर निवडली.

वरी मात्र खरंच आपली जुनी. आपण भगर म्हणतो, इथल्या दुकानात मोरधन म्हणून मागावी लागते. शिंगाडाही आपल्याच तळ्यांतला.

काल मी सुनेला विचारलं, तुझ्या आजीकडे मोरधन कसं करायचे? ती जरा थांबली, मग म्हणाली, ताकात शिजवतात, वरून जिऱ्याची फोडणी. बोलता बोलता तिचा चेहरा खुलला. पुढच्या एकादशीला तेच करायचं ठरलंय, सोबत तिची खिचडीही, कोथिंबीर घालून. वन्संना बोलवायला फोन मीच करणार आहे.

ग्वाल्हेर, बडोद्याकडच्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे उपवासाला काय चालतं आणि काय नाही, ते जरूर लिहा.